सेल्युलोज ॲसिटेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या फिल्म सांभाळण्याच्या कामातून माझी या पदार्थाशी ओळख झाली. सुरुवातीला लोक फक्त फिल्मच्या डब्यांबद्दल विचारायचे. पुढे चष्म्याच्या फ्रेम, कोटाचं अस्तर, पाण्याचे फिल्टर, औषधाच्या गोळ्या असं सगळंच येऊ लागलं. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. जिथे एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. सेल्युलोज ॲसिटेट हे प्लास्टिक आहे की नैसर्गिक पदार्थ?

प्लास्टिकच, पण त्याचा सांगाडा झाडाचा. कापूस आणि लाकडातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबलचक साखळी. प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांच्यामुळे शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून राहतात. म्हणून कापूस तापवला तर वितळत नाही, करपतो. आणि नेहमीच्या कुठल्याही द्रावकात विरघळत नाही. हायड्रॉक्सिलच्या जागी ॲसिटिल गट, म्हणजे ॲसिटिक आम्लाचे तुकडे, बसवले की ही पकड सैल होते. तोच कापूस आता ॲसिटोनमध्ये विरघळतो, उष्णतेने मऊ पडतो, त्याचा धागा ओढता येतो आणि पारदर्शक पापुद्राही करता येतो. अशा पदार्थाला अर्धकृत्रिम म्हणतात. ‘झाडापासून बनलेलं म्हणजे आपोआप निरुपद्रवी’ असा अर्थ मात्र काढू नका (प्रश्न १७ पाहा).

२. डायॲसिटेट आणि ट्रायॲसिटेट यांत फरक काय?

एका कडीवरच्या तीन जागांपैकी सरासरी किती जागांवर ॲसिटिल बसलं आहे, एवढाच. साधारण २.४ ते २.५ असेल तर व्यवहारात त्याला डायॲसिटेट किंवा नुसतं ॲसिटेट म्हणतात. २.९ च्या आसपास असेल तर ट्रायॲसिटेट. आकड्यात फरक अर्ध्याचाच, पण वागणूक अगदी वेगळी. डायॲसिटेट ॲसिटोनमध्ये विरघळतं. ट्रायॲसिटेट ॲसिटोनमध्ये फुगतं पण विरघळत नाही. त्याला मिथिलीन क्लोराइडसारखा द्रावक लागतो. ट्रायॲसिटेट पाणी कमी पितं आणि जास्त उष्णता सोसतं.

हा आकडा नीट लक्षात ठेवा. ॲसिटिल किती आहेत आणि ते जागेवर टिकून आहेत की सुटू लागले आहेत, हे कळलं की पुढची बरीचशी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

३. ते बनवतात कसं?

शुद्ध केलेला लाकडाचा लगदा किंवा सरकीवर उरणारा आखूड कापूस आधी ॲसिटिक आम्लात भिजवून फुगवतात. मग ॲसिटिक अनहायड्राइड आणि उत्प्रेरक म्हणून थोडं गंधकाम्ल घालतात. मिश्रण तापू लागतं, म्हणून ते थंड ठेवावं लागतं. नाहीतर साखळ्याच तुटतात. शेवटी मधासारखा दाट, चिकट द्रव तयार होतो आणि तिन्ही जागा जवळजवळ भरलेल्या असतात.

इथे बरेच जण विचारतात, २.५ हवं आहे तर तिथेच का थांबत नाहीत? कारण सुरुवातीला सेल्युलोज तंतूच्या रूपात असतं. मध्येच थांबलं तर तंतूचा बाहेरचा भाग पूर्ण भरलेला आणि आतला कोराच, असा माल हाती येतो आणि तो कशातच धड विरघळत नाही. म्हणून आधी तीनपर्यंत जायचं, सगळं विरघळू द्यायचं आणि मग पाणी घालून थोडे ॲसिटिल सगळीकडून सारखे काढून घ्यायचे. हवा तो आकडा आला की आम्ल मारून ही क्रिया थांबवतात, पाण्यात पांढरे पोहे पाडतात, धुतात आणि वाळवतात. धुण्यात कसर राहिली आणि गंधकाम्लाचा अंश आत उरला, तर तो माल आयुष्यभर कच्चा राहतो.

४. याचा शोध कोणी लावला?

१८६५ मध्ये पॉल श्युत्झेनबर्गर यांनी कापूस ॲसिटिक अनहायड्राइडमध्ये तापवून हा पदार्थ पहिल्यांदा मिळवला. १८९४ मध्ये क्रॉस आणि बेव्हन यांनी कारखान्यात जमेल अशा पद्धतीचं पेटंट घेतलं. पण त्यांचा माल क्लोरोफॉर्मसारख्या महाग, विषारी द्रावकातच विरघळायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज माइल्स यांच्या लक्षात आलं की थोडे ॲसिटिल परत काढून घेतले तर स्वस्त ॲसिटोन पुरतं. माझ्या मते या पदार्थाचा खरा उद्योग तिथून सुरू झाला.

पहिल्या महायुद्धात विमानांचे पंख कापडाचे असायचे. ते ताठ करायला ॲसिटेटचं रोगण लावत आणि ड्रेफस बंधूंनी ते इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर बनवलं. युद्ध संपल्यावर रोगणाला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी धागा काढायला घेतला. १९२१ पासून तो बाजारात आला.

५. शाळा-कॉलेजच्या प्रयोगासाठी घरी बनवता येईल का?

नाही. ॲसिटिक अनहायड्राइड कातडी आणि डोळे भाजतं. शिवाय हेरॉइन बनवायला ते वापरलं जात असल्याने १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार त्याच्या व्यवहारावर जगभर नियंत्रण आहे. त्याऐवजी शिक्षकांच्या देखरेखीत तयार सेल्युलोज ॲसिटेटची भुकटी ॲसिटोनमध्ये विरघळवून काचेवर ओता. खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. कोरड्या हवेत पापुद्रा काचेसारखा स्वच्छ निघतो, दमट हवेत पांढुरका. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि ॲसिटेट तिथेच साकळतं. हा पांढुरकेपणा प्रयोग बिघडल्याची खूण समजून मुलं खट्टू होतात. पण पाणी गाळणाऱ्या मेंब्रेनचं, म्हणजे पातळ पडद्याचं, मर्म तिथेच आहे (प्रश्न १२ पाहा).

६. रेयॉन आणि ॲसिटेट एकच ना?

नाही. दोन्ही सेल्युलोजपासूनच बनतात, पण रेयॉनमध्ये शेवटी परत सेल्युलोजच उरतं, ॲसिटेटमध्ये ॲसिटिल गट कायम राहतात. ओळखायचं तर शिवणीच्या आतला एक धागा काढा. रेयॉनचा धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. ॲसिटेटचा वितळत जळतो, व्हिनेगरचा वास देतो आणि मागे काळा, कडक मणी राहतो. फिल्मवर ही परीक्षा कधीही करू नका (प्रश्न १० पाहा). न जाळता ओळखायचं असेल तर ॲसिटोनचा एक थेंब पुरे: ॲसिटेट चिकट होऊन विरघळतं, रेयॉनला काही होत नाही.

७. कपड्यावर नेलपॉलिश रिमूव्हर सांडलं आणि भोकच पडलं. असं कसं?

त्या रिमूव्हरमध्ये ॲसिटोन होतं आणि कापड ॲसिटेटचं होतं. डाग निघाला नाही, कापडच विरघळलं; आता ते दुरुस्त होणार नाही. असं कापड धुताना पिळू नका, कारण ओलं असताना त्याची ताकद घटते. इस्त्री कमी आचेवर आणि उलट बाजूने करा.

८. निळं अस्तर बंद कपाटात होतं, ऊन लागलं नाही, तरी लालसर झालं. रंग कच्चा होता का?

कच्चा म्हणता येणार नाही, पण हवेशी जुळणारा नव्हता. ॲसिटेटला पाणी फारसं आवडत नाही, त्यामुळे कापसाचे रंग त्यावर चढतच नाहीत. १९२० च्या दशकात त्यासाठी पाण्यात न विरघळणारे, बारीक कणांचे डिस्पर्स रंग तयार करावे लागले. त्यातल्या काही निळ्या रंगांवर हवेतले नायट्रोजन ऑक्साइड परिणाम करतात. गॅसच्या शेगडीतून, हीटरमधून, वाहनांच्या धुरातून हे वायू येतात आणि कपाटाचं दार त्यांना अडवू शकत नाही. रंगकाम करणारे याला गॅस फेडिंग म्हणतात.

९. ॲसिटेटची फ्रेम आणि साधी प्लास्टिकची फ्रेम यांत फरक काय? माझी फ्रेम पांढरट का पडली?

साधी फ्रेम बहुतेक वेळा साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून बनते. चांगली ॲसिटेट फ्रेम पत्र्यातून कापतात. निरनिराळ्या रंगांचे ॲसिटेटचे तुकडे आणि थर एकत्र दाबून ठोकळा करतात, त्याचे पत्रे काढतात, त्यातून फ्रेम कोरतात आणि लाकडी खुंट्यांसोबत पिंपात तासन्‌तास घोळवून चकाकी आणतात. अशा फ्रेमची कड भिंगातून पाहा. रंगाचे पट्टे आरपार गेलेले दिसतात. वरून छापलेला रंग असा आत उतरत नाही.

ॲसिटेट नुसतं ताठ आणि ठिसूळ असतं, म्हणून त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे लवचीकपणा देणारा पदार्थ, मिसळतात. घाम, उष्णता आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीममुळे तो हळूहळू पृष्ठभागावर येतो, तोच पांढरट थर. वरवर असेल तर पॉलिश करून जातो. प्लास्टिसायझर फार गेला असेल तर फ्रेम आकसते, काच सैल होते किंवा तडा जातो. बसवून घेताना फ्रेम कोमट करावी लागते. थंड फ्रेम वाकवली की मोडते. गाडीत उन्हात ठेवली तर आपोआप वाकडी होते. लेगोच्या विटासुद्धा १९६३ पर्यंत सेल्युलोज ॲसिटेटच्याच असत आणि त्या काळातल्या कित्येक विटा आज वेड्यावाकड्या झाल्या आहेत.

१०. जुन्या फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरचा वास येतो. फिल्म पेटेल का? आता काय करू?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. म्हणून सविस्तर लिहितो.

वास येतो तो खरोखर व्हिनेगरमधल्याच ॲसिटिक आम्लाचा. कारखान्यात बसवलेले ॲसिटिल गट उष्णता आणि ओलाव्यामुळे सुटत आहेत. सुटलेलं आम्ल उरलेल्या ॲसिटिलना सोडवायला मदत करतं, म्हणजे झीज स्वतःच स्वतःचा वेग वाढवते. बंद डब्यात आम्ल कोंडून राहतं, त्यामुळे आणखीच. याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. ट्रायॲसिटेटची ३५ मिमी फिल्म १९४८ मध्ये आली आणि दहा वर्षं व्हायच्या आतच अशा झिजेची पहिली तक्रार कोडॅककडे पोहोचली. ती भारत सरकारकडून गेली होती. फिल्म उष्ण आणि दमट जागेत ठेवलेल्या होत्या.

डबा उघडल्यावर काय पाहायचं? पहिल्या टप्प्यात नुसता वास. मग रीळ सैल वाटतं, कारण फिल्म आकसली असते. कडा लाटांसारख्या उठतात, आणि सपाट टेबलावर ठेवलेला तुकडा वळून बसतो. पांढरे स्फटिक दिसले तर ती बुरशी नव्हे, बाहेर पडलेला प्लास्टिसायझर आहे. पुढे चित्राचा थर पायापासून सुटून सुरकुततो. असं रीळ मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा दोन फेऱ्या उलगडताच ते बिस्किटासारखं तुटलं. म्हणून सांगतो, जोर लावून उलगडू नका आणि प्रोजेक्टरवर चढवू तर नकाच.

नाकावर भरवसा ठेवू नये, आणि मुद्दाम हुंगू नये. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने यासाठी कागदी पट्ट्या तयार केल्या आहेत. डब्यात ठेवलेली निळी पट्टी आम्लामुळे आधी हिरवी, मग पिवळी होते. तिच्यावरून कुठला डबा आधी हाताळायचा हे ठरतं. वास येणारे डबे चांगल्या डब्यांपासून लगेच वेगळे करा, हवा खेळती ठेवा, थंड आणि कोरड्या जागी न्या. ताजी फिल्म २१ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेत सुमारे ४० वर्षांनी या वाटेला लागते. ४ अंशांच्या आसपास ठेवली तर हीच मुदत शतकांच्या घरात जाते. सुरू झालेली झीज उलटवता येत नाही, फक्त मंदावता येते. म्हणून पट्टी हिरवी झाली की स्कॅनिंगचा विचार पुढे ढकलू नका. या रिळांमध्ये कुणाचे आजी-आजोबा चालताना दिसतात आणि बहुतेक वेळा दुसरी प्रत नसते.

पेटण्याबद्दल: ॲसिटेट फिल्म ‘सेफ्टी’ म्हणून आणली ती यासाठीच की आधीची सेल्युलोज नायट्रेटची फिल्म भयंकर पेटायची, पाण्याखालीही जळत राहायची. १६ मिमी फिल्म १९२३ मध्ये आली तीच सेफ्टी बेसवर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची ३५ मिमी फिल्म मात्र नायट्रेटची असू शकते. कडेवर ‘सेफ्टी’ असं छापलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नका. प्रत काढताना मूळ फिल्मच्या कडेवरची अक्षरंही कधीकधी उतरतात. शंका असेल तर डबा बंद करून थंड जागी ठेवा आणि जाणकाराला बोलवा. जाळून पाहणं सक्त मना.

पॉलिएस्टर फिल्मला व्हिनेगर सिंड्रोम होत नाही. रीळ कडेने उजेडासमोर धरा: पॉलिएस्टरच्या रिळातून उजेड झिरपतो, ॲसिटेटच्या रिळातून नाही.

११. ध्वनिफितींनाही हे होतं का?

हो, ॲसिटेट पाया असलेल्या जुन्या फितींना होतं. इथे उजेडाची खूण नेमकी उलटी: ॲसिटेट फितीच्या रिळातून उजेड दिसतो, पॉलिएस्टरच्या रिळातून नाही. तुटताना ॲसिटेट सरळ काडकन तुटतं आणि जोडता येतं. पॉलिएस्टर ताणलं जातं. बाकी सगळं प्रश्न १० प्रमाणेच.

१२. आरओच्या मेंब्रेनवर ‘सीटीए’ आणि ‘टीएफसी’ असं लिहिलेलं असतं. कोणतं घ्यावं?

सीटीए म्हणजे सेल्युलोज ट्रायॲसिटेट, टीएफसी म्हणजे पॉलिअमाइडचा पातळ थर दिलेलं मेंब्रेन. पाण्यात क्लोरीन असेल आणि आधी कार्बन फिल्टर नसेल तर सीटीए, कारण क्लोरीन पॉलिअमाइडला खातं. पाण्यात क्लोरीन नसेल तर टीएफसी, कारण जंतू सीटीए खातात. सेल्युलोज ॲसिटेटला पीएच ४ ते ६ मानवतो. अल्कधर्मी पाण्यात त्याचे ॲसिटिल सुटू लागतात आणि क्षार आरपार जाऊ लागतात.

आरओची सुरुवात मात्र ॲसिटेटनेच झाली. ॲसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात रीड आणि ब्रेटन यांनी दाखवलं, पण त्यातून पाणी थेंबाथेंबानेच यायचं. लॉस एंजेलिसमध्ये सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी पापुद्रा ओतून अर्धवट वाळल्यावर थंड पाण्यात बुडवला आणि मग गरम पाण्यात शेकला. एका बाजूला अतिशय पातळ, घट्ट साय आणि खाली स्पंजासारखा सच्छिद्र आधार, अशी रचना तयार झाली. मीठ अडवायचं काम फक्त ती साय करते, म्हणून पाणी कितीतरी पटींनी जास्त येऊ लागलं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला या मेंब्रेनने पिण्याचं पाणी दिलं.

१३. प्रयोगशाळेत सिरिंज फिल्टर घेताना सेल्युलोज ॲसिटेट आणि सेल्युलोज नायट्रेट यांत चूक झाली तर?

प्रथिनं गाळत असाल तर महागात पडते. ॲसिटेटला प्रथिनं फारशी चिकटत नाहीत, नायट्रेटला भरपूर चिकटतात. ‘मिक्स्ड सेल्युलोज एस्टर’ म्हणजे दोन्हींचं मिश्रण, त्यालाही चिकटतात. आणि नमुन्यात ॲसिटोन, डीएमएसओ किंवा क्लोरोफॉर्म यांसारखा द्रावक असेल तर ॲसिटेट नकोच. फिल्टर विरघळून नमुन्यात उतरेल.

१४. हिमोग्लोबिनच्या तपासणीत ‘एस’च्या जागी पट्टा दिसला. सिकलसेल नक्की झालं का?

केवळ एवढ्यावरून नाही. ए, एफ, एस, सी ही हिमोग्लोबिनच्या प्रकारांची नावं; सिकलसेलमध्ये एस असतं. १९५७ मध्ये जोआकिम कोन यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर विद्युतधारेने प्रथिनं वेगळी करायची पद्धत आणली. पीएच ८.४ ते ८.६ ला हिमोग्लोबिन ए सर्वांत पुढे धावतं, मग एफ, मग एस, आणि मागे सी व ए२. पण डी नावाचं वेगळं हिमोग्लोबिन नेमकं एसच्याच जागी थांबतं आणि ई हे सीच्या जागी. म्हणून आम्लधर्मी माध्यमात, सायट्रेट अगार नावाच्या जेलीवर दुसरी चाचणी करतात. तिथे डी हे एसपासून सुटून एच्या जागी जातं. आता बऱ्याच ठिकाणी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करायला एचपीएलसी यंत्र वापरतात. अहवालाचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

१५. जीवाश्मांची ‘ॲसिटेट पील’ म्हणजे काय?

या पदार्थाचा मला सर्वांत आवडणारा उपयोग. खडक कापून घासून गुळगुळीत करतात. कार्बोनेटचा असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद धरतात. खनिज किंचित विरघळतं आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या पेशीभित्तिका केसभर वर उभ्या राहतात. हात न लावता धुऊन वाळवतात, त्यावर ॲसिटोन ओततात आणि ॲसिटेटचा पातळ कागद एका कडेने हळूहळू टेकवत आणतात, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. खालची बाजू ॲसिटोनमध्ये मऊ होऊन पेशीभित्तिकांना आपल्यात घेते. पूर्ण वाळल्यावर सोलून काढला की कागदावर त्या वनस्पतीचा काप आलेला असतो, सूक्ष्मदर्शकाखाली सरळ पाहता येईल असा. घाई करून सोललं तर कागद गुंडाळतो. ही झटपट पद्धत जॉय, विलिस आणि लेसी यांनी १९५६ मध्ये मांडली.

हीच युक्ती बॉयलरच्या नळीवर वापरतात. चालत्या कारखान्यातली नळी कापून नेता येत नाही, मग जागच्या जागी पॉलिश करून ॲसिटेटवर तिचा ठसा घेतात आणि धातूत पोकळ्या पडू लागल्यात का ते पाहतात.

१६. शौचात अख्खी गोळी दिसली. औषध लागूच झालं नाही का?

काही दीर्घकाळ औषध सोडणाऱ्या गोळ्यांवर सेल्युलोज ॲसिटेटचं आवरण असतं आणि त्याला लेसरने पाडलेलं सूक्ष्म भोक. आवरणातून पाणी आत जातं, आतला दाब वाढतो आणि भोकातून औषध ठरावीक वेगाने बाहेर पडतं. रिकामं टरफल तसंच बाहेर येतं. अशी गोळी फोडू किंवा चावू नका. तुमची गोळी त्या प्रकारची आहे का, हे फार्मासिस्टला विचारा. आतड्यात जाऊनच विरघळणाऱ्या गोळ्यांवर कधीकधी सेल्युलोज ॲसिटेट थॅलेट असतं; ते या कुटुंबातलं असलं तरी वेगळं.

१७. फिल्म ४० वर्षांत आंबते, मग सिगारेटचं थोटूक मातीत का कुजत नाही? दोन्ही ॲसिटेटच ना?

दोन्ही ॲसिटेटच. जगात बनणाऱ्या सेल्युलोज ॲसिटेटचा सर्वांत मोठा वाटा सिगारेटच्या फिल्टरमध्ये जातो. एका फिल्टरमध्ये १२,००० च्या आसपास बारीक तंतू ट्रायॲसिटिन नावाच्या प्लास्टिसायझरने एकमेकांना चिकटवलेले असतात. दिसतो कापूस, पण आहे प्लास्टिक.

सेल्युलोज खाणारे जंतू मातीत भरपूर असतात, पण ॲसिटिलने झाकलेली साखळी त्यांच्या विकरांना (एन्झाइमना) ओळखू येत नाही. आधी दुसऱ्या विकरांनी किंवा पाण्याने ॲसिटिल सोडवायला हवेत, मगच साखळी तुटते. कडीमागे ॲसिटिल कमी असतील तर हे लवकर होतं; २.५ च्या आसपास रखडतं आणि ट्रायॲसिटेटला सर्वांत जास्त वेळ लागतो. शिवाय फिल्मच्या बंद डब्यात सुटलेलं आम्ल साठून पुढची झीज वाढवतं, तर उघड्यावरच्या थोटकातलं आम्ल पावसाने धुतलं जातं. तंतूंचा गठ्ठाही दाट, त्यामुळे आतपर्यंत जंतू पोहोचत नाहीत. ‘जैवविघटनशील’ असं लिहिलेलं असेल तर किती दिवसांत, मातीत, समुद्रात की कंपोस्टच्या तापत्या ढिगात, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

आणि फिल्मसुद्धा त्या ४० वर्षांत नाहीशी होत नाही. ॲसिटिल निघून जातात, चित्र जातं, पण ठिसूळ, आकसलेला पापुद्रा डब्यात तसाच पडून असतो.